पोरगी इंजिनीअरिंगला चालली, पेटीत कोणती हत्यारं भरू?

मानेवाडेकर | ९ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. लेकीची बारावी झाली, सीईटीचं जे व्हायचं ते झालं, आता कॅप राउंडची, म्हणजे प्रवेशफेरीची, वाट पाहतोय. तिला मेकॅनिकल हवंय. तिच्या मामाला ती कॉम्प्युटरलाच जायला हवीय. मी बँकेत, त्यामुळे माझं मत कोणी विचारत नाही.

आमच्या ह्यांनी उत्साहाच्या भरात ऑनलाइन एकशे आठ तुकड्यांची हत्यारांची पेटी मागवली. जपमाळेच्या मण्यांइतकी हत्यारं. काल लेकीनं त्यातला पाना घेऊन कूलरच्या स्टँडचा बोल्ट काढायला घेतला. बोल्ट जागचा हलला नाही, पान्याचंच तोंड फाकलं. ती हिरमुसली, हे त्या पेटीवर रुसले.

तर विचारायचं असं, की पहिल्या वर्षाच्या मुलीकडे खरोखर काय असावं? आणि एमएस, जीआय, एसएस, बीड असलं जे तिच्या कानावर पडतंय ते कोणी साध्या मराठीत सांगेल का? ब्रँचचं भांडण इथे सुटणार नाही हे माहीत आहे, तरी मतं द्याच.

---

हिंगण्याचा_फिटर | ९ जून, रात्री ११:०५

ताई, ती पेटी परत होत असेल तर करून टाका. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत टूलरूममधे ३१ वर्षं काढली, माझ्या स्वतःच्या पेटीत कधी तीसच्या वर हत्यार नव्हतं.

पोरीले एवढंच घ्या. ३०० मिलिमीटरची स्टीलची पट्टी, तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा पाहिजेत. एक गुण्या. हॅक्सॉची फ्रेम आणि दोन पाती. एक चपटी कानस, लाकडी मुठीसकट (मूठ नसली तर कानशीचं शेपूट तळहातात घुसते, मी पाहिलं आहे). पक्कड, दोन चांगले पेचकस, आणि ८ पासून १९ पर्यंतचे पाने. इतवारीतल्या लोहा ओळीत जा, पाना हातात धरून पाहा. ठोकून घडवलेला पाना आणि पत्र्यातून कापलेला पाना हातालेच कळतो. तुमचा तो पत्र्याचा निघाला.

आता तो बोल्ट. त्याच्या डोक्यावर काही आकडा कोरला आहे का ते पाहून सांगा. आणि जोर लावायच्या आधी आट्यांवर थोडं रॉकेल नाहीतर पातळ तेल सोडून रात्रभर राहू द्या. पान्याले पाइप लावून ओढू नका, डोकं तुटून हातात येईल.

व्हर्नियर (जबड्यात धरून बारीक माप घ्यायची पट्टी) लगेच नको. एक महिना पट्टीनंच मापू द्या.

---

पुणेरी_ताक | १० जून, सकाळी ७:४८

काकांचा अनुभव मान्य, पण ही यादी जुन्या काळातली वाटते. आज सगळं डिझाइन कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर होतं, कटिंग सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या मशीनवर. मुलीला बरा लॅपटॉप घेऊन द्या आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवा. कानस घासून कोणाचं पॅकेज वाढलंय?

---

चौथं_सेम | १० जून, सकाळी ९:२०

@पुणेरी_ताक, दादा, मी कॅडवाल्या पिढीतलाच आहे, म्हणून स्वतःची फजिती सांगतो. गेल्या सेमला आमच्या गटानं गिअरबॉक्सचं मॉडेल केलं. स्क्रीनवर एकदम झकास, फिरवून दाखवलं, झूम केलं, टाळ्या पडल्या. वर्कशॉपमधे जोडायला घेतलं तर चारपैकी दोन बोल्टांपर्यंत पाना जाईच ना. भिंत आणि बोल्टाच्या डोक्यात ४ मिलिमीटर जागा सोडली होती. कॅडमधे बोल्ट आपोआप जाऊन बसतो, त्याला फिरवणारा हात तिथे कोणी काढत नाही. शेवटी केसिंग कापावं लागलं.

घरी एकदा जरी पाना फिरवला असता तर हे ड्रॉइंगमधेच दिसलं असतं.

---

हिंगण्याचा_फिटर | १० जून, दुपारी १:३०

पोट्ट्यानं बरोबर सांगितलं. ताकवाल्या भाऊंसाठी माझी पण एक ऐका.

एका ठिकाणी कामाले होतो, नाव नाही सांगत. ६२०४ नंबरच्या बेअरिंगसाठी शाफ्ट करायचे होते. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचनं गुणले की आतलं भोक निघते, म्हणून ०४ म्हणजे २० मिलिमीटर. (हे ०४ पासून पुढे चालते. ६२०३ चं भोक १७ चं आहे, तिथं हा हिशेब लावू नका.) शाफ्ट बेअरिंगमधे घट्ट बसायला पाहिजे, म्हणजे २० च्या वर अगदी काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). लेथवरच्या (धातू फिरवून कातायचं मशीन) पोट्ट्याचं व्हर्नियर आदल्या दिवशी हातातून पडलं होतं. जबडे मिटल्यावर शून्यावर शून्य येत नव्हतं, सहा शतांश मिलिमीटर जास्त दाखवत होतं. त्यानं पाहिलंच नाही. बारा शाफ्ट काढले, बाराच्या बारा तेवढे बारीक. बेअरिंग हातानंच सरकन आत जाऊन राहिलं. सगळा माल भंगारात. मशीन चांगलं, ड्रॉइंग चांगलं, सकाळी फक्त जबडे मिटून पाहिले नाहीत.

म्हणून म्हणतो, पोरगी व्हर्नियर घेईल तेव्हा पहिले शून्य पाहील अशी सवय लावा. ५० घरांचं व्हर्नियर असलं तर मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरचे तिथं ५० भाग केले असतात. एक घर ०.९८ चं. एका घराचा फरक ०.०२, तेच त्याचं लघुतम माप. घोकायची गरजच नाही, पट्टीकडे नीट पाहिलं की दिसते.

---

पुणेरी_ताक | १० जून, दुपारी २:१५

बरं बरं, कानस मागे घेतो. पायथन मात्र शिकवाच.

---

धातुरूप | १० जून, रात्री ९:००

धातूंचं मी सांगतो, पोटापाण्याचा विषय आहे.

एमएस म्हणजे नरम पोलाद. कार्बन साधारण पाव टक्क्याच्या आत. वाकतं, वेल्ड होतं, गंजतं. खिडकीचे गज, कूलरच्या स्टँडचे अँगल सगळे हेच. कार्बन वाढवत नेला की तापवून पाण्यात बुडवल्यावर ते कडक होतं. लोहार विळ्याला ‘पाणी देतो’ ते हेच. पण नुसतं पाणी दिलेलं पातं काचेसारखं तडकतं, म्हणून नंतर पुन्हा हलकं तापवतात. तेव्हा घासलेल्या पृष्ठभागावर आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. पिवळा येतो २२०–२३० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. धार हवी तर पिवळ्यावर थांबा, स्प्रिंगसारखा लवचीकपणा हवा तर निळ्यापर्यंत जा. जुन्या लोहारांकडे थर्मामीटर नव्हता, हा रंगच थर्मामीटर. (मानेवाडेकरताईंच्या पान्याच्या नशिबी यातलं काहीच आलेलं नाही.)

कार्बन दोन टक्क्यांच्या वर गेला की बीड. तुमचा धिरड्यांचा जड तवा. दाब कितीही सोसतं, पण ओट्यावरून पडलं की दोन तुकडे. लेथचं अंग बीडाचं करतात कारण ते थरथर गिळतं.

जीआय म्हणजे लोखंडाच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा. लोकांना वाटतं हा रंगासारखा नुसता झाकतो. तसं नाही. ओरखडा पडून आतलं लोखंड उघडं झालं तरी आधी जस्त झिजतं, लोखंडाची पाळी नंतर येते. नागपुरात पत्र्याचा कूलर चार महिने पाण्यात उभा राहून दहा-दहा वर्षं काढतो तो याच जिवावर. एक सांभाळा: जीआयवर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

एसएस म्हणजे आपलं भांड्यांचं स्टील. चांगल्या प्रतीच्या ३०४ मधे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. क्रोमियमचा अतिपातळ थर वर बसतो, खरवडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन पुन्हा तयार होतो.

---

वाळ्याची_ताटी | १० जून, रात्री ९:३२

म्हणजे लोहचुंबक चिकटला नाही की स्टील अस्सल, हे खरं ना? बर्डीवरचा भांडेवाला तसंच दाखवतो.

---

धातुरूप | १० जून, रात्री ९:५०

अर्धं खरं. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, पण निकेल कमी करून मँगेनीज घातलेल्या स्वस्त २०० मालिकेलाही चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चा डबा असला तरी जिथे पत्रा दाबून खोल ओढलेला असतो त्या कोपऱ्याला चुंबक थोडा ओढला जातो. गार असताना ठोकल्या-ताणल्यामुळे तिथली रचना बदललेली असते. चुंबक खिशात ठेवा, पण त्याच्या भरवशावर दुकानदाराशी भांडू नका.

---

निवृत्त_मास्तर | ११ जून, सकाळी ६:४०

मी आयुष्यभर तंत्रनिकेतनात वर्कशॉप आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स शिकवलं. मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या तासाला ‘प्रतिबल’, ‘विकृती’ ऐकून घाबरायची. मी फळ्यावर पाच शब्द लिहायचो: ताण, दाब, कातर, बाक, पीळ. सगळे घरातले. दोरीला ताण, खांबाला दाब, रिबिटाला कातर, तुळईला बाक, ओल्या धोतराला पीळ. जगातली कुठलीही वस्तू मोडते ती या पाचांपैकी एकानं किंवा त्यांच्या मिसळीनं.

मग प्रत्येकाच्या हातात एक खडू. म्हणायचो, ओढून तोडा. सरळ आडवा तुटायचा. आता दुसरा घ्या आणि दोन्ही टोकं धरून हळूहळू पिळा. खडू आडवा तुटत नाही, ४५ अंशांत, गोल जिन्यासारखा तिरका तुटतो. का? पिळताना त्याच तिरक्या दिशेत ताण सगळ्यात जास्त असतो आणि खडू ताणाला कच्चा. नरम पोलादाची सळई अशीच पिळली तर ती सपाट, आडवी तुटते, कारण ती कातरीला आधी हार मानते. तुटलेला तुकडा पाहून तो कसा तुटला ते सांगता आलं पाहिजे. ताई, मुलीला आजच दोन खडू द्या.

दुसरा प्रयोग फिटरसाहेबांनी सांगितलेल्या पट्टीवर. टेबलाबाहेर अर्धी काढून आडवी धरा, टोकाला बोट लावा, सहज वाकेल. आता तीच पट्टी उभ्या कडेवर धरून दाबा. पट्टी २५ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असेल तर उभी धरल्यावर ती ६२५ पट ताठ असते, कारण उंचीचा घन येतो आणि रुंदी एकदाच. पोलाद तेच, वजन तेच. जुन्या वाड्यांत तुळया उभ्या का ठेवायचे हे त्या सुतारांना सूत्राशिवाय ठाऊक होतं.

शाखांबद्दल थोडंसं. ‘सिव्हिल’ म्हणजे मुळात ‘लष्करी नव्हे ते’, एवढाच अर्थ होता. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल हे फाटे नंतर फुटले. आपलं व्हीआरसीई (आताचं व्हीएनआयटी) १९६० साली निघालं, त्याला विश्वेश्वरय्यांचं नाव दिलं ते १९६२ मधे. ते स्वतः सिव्हिलचे, पण १९०३ मधे खडकवासल्याला बसवलेली त्यांची आपोआप उघडणारी दारं बघितली तर ती मेकॅनिकलमधे घालावी की सिव्हिलमधे? मुलीला घरचा कूलर उघडायला सांगा. पत्र्याचं अंग, अँगलचं स्टँड, मोटर, पंप, पंखा, गंज, पाण्याचा पांढरा खर, सगळ्या शाखा एका डब्यात आहेत. ज्या भागापाशी ती सगळ्यात जास्त वेळ रमेल ती तिची ब्रँच.

---

वाळ्याची_ताटी | ११ जून, सकाळी ८:१०

मास्तर, तो खर लिंबानं निघतो हो. आणि मुंबईच्या नणंदेला कितीदा सांगितलं, तिकडे कूलर नेऊ नको, ऐकत नाही.

---

निवृत्त_मास्तर | ११ जून, सकाळी ८:३५

निघणारच, तो चुन्याचा क्षार आहे, आम्लात विरघळतो. नणंदेचंही बरोबर सांगितलंत. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेचं पाऊण युनिटाला थोडं कमी. ती उष्णता हवेतून काढून घेतली जाते. आपली मे महिन्याची हवा कोरडी ठणठणीत, म्हणून पाणी भराभर उडतं. मुंबईची हवा आधीच भिजलेली, तिथे पाणी उडायलाच तयार नसतं.

---

गुण्या | ११ जून, दुपारी १२:५५

सिव्हिलचा एक प्रतिनिधी हजर. साइटवरून लिहितोय, थोडक्यात.

पोरीला ओळंबा घेऊन द्या. दोरी आणि शिशाचा किंवा पितळी गोळा, बस. लेझर लेव्हलची बॅटरी संपते, गुरुत्वाकर्षणाची संपत नाही.

सळईचं वजन विचारलं की मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करायचा आणि १६२ नं भागायचं, मीटरला किलो निघतात. १२ ची सळई: १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलो. आलेला ट्रक वजनकाट्यावर कमी भरतो की नाही हे यावर पकडतो आम्ही. हे १६२ आलं कुठून ते तिनं स्वतः काढावं. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरायची, एवढीच हिंट.

आणि वर्धा रोडचा डबल डेकर पूल दाखवायला न्या, खाली गाड्या, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. लांबी ३.१४ किलोमीटर, गणितातला पाय (π), लक्षात राहायला सोपा. त्याच्यावरून जाताना ठराविक अंतरानं चाकाखाली ‘टक्-टक्’ होतं ना, त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. काँक्रीट आणि पोलाद दर अंशाला लाखात एक भागाच्या आसपास वाढतं. ३० मीटरचा गाळा, जानेवारीतली १० अंशांची पहाट आणि मेमधली ४५ ची दुपार: एक सेंटीमीटरच्या वर फरक. फट नसती तर पुलानं स्वतःची फट स्वतः पाडली असती. दोघांचं प्रसरण जवळपास सारखं आहे म्हणूनच तर आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट, शक्य झालं. अॅल्युमिनियमच्या सळया घातल्या असत्या तर पहिल्याच उन्हाळ्यात भेगा.

स्लॅबचा ट्रक आला, पळतो.

---

शॉर्टसर्किट | ११ जून, रात्री ८:०५

सगळे कूलर उघडा, कूलर उघडा म्हणून राहिले आणि कोणी प्लग काढा म्हणत नाही! नागपूरकर आहात ना? दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, पेपरात वाचत नाही का?

ताई, पहिले प्लग भिंतीतून बाहेर. नुसतं बटण बंद नाही. बटण न्यूट्रलवर बसवलेलं असलं तर बंद असतानाही आत फेज खेळत असतो. मग मोटरला लागलेल्या कपॅसिटरला हात लावायचा नाही, त्यात चार्ज उरलेला असू शकतो. (मोटर नुसती गुणगुणते आणि हातानं ढकलली की फिरते, तर बहुतेक तोच गेलेला असतो. पण हातानं ढकलू नका.)

मग पाहा, तीन पिनांतल्या मोठ्या पिनेची हिरवी वायर कूलरच्या पत्र्याला स्क्रूनं घट्ट लागली आहे का. ती पिन लांब असते कारण प्लग घालताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशिअनकडून आधी तो बसवून घ्या, हत्यारांची पेटी नंतर. टेस्टर खिशात असला म्हणून कोणी इलेक्ट्रिशिअन होत नाही. साधा मल्टिमीटर घ्या.

---

संपादक मंडळ | ११ जून, रात्री ९:१५

धाग्यात दुकानांचे फोन नंबर देऊ नयेत. तीन प्रतिसाद उडवले आहेत.

---

मानेवाडेकर | १५ जून, संध्याकाळी ६:२०

काय काय सांगू! रविवारी प्लग काढून कूलर अंगणात घेतला. आता लेकच लिहिते:

नमस्कार, मी तिची लेक. खडू दोन नाही, अकरा तोडले. सगळे जिन्यासारखेच तुटले, एकच सरळ तुटला, तो बहुतेक आधीच चिरलेला होता.

बोल्ट रॉकेलनं दोन रात्रींत सुटला. डोक्यावर ४.६ लिहिलंय.

पंख्याच्या मोटरचा शाफ्ट मापला. शेजारच्या दादाचं व्हर्नियर आणलं होतं (शून्य पाहिलं, बरोबर होतं). १२.६८ आलं. तीनदा मापलं, तिन्ही वेळा तेच. १२ नाही, १३ नाही, असं कसं? माझंच चुकतंय का?

आणि शॉर्टसर्किट काका, हिरवी वायर आत कापून टेप गुंडाळून ठेवली होती. पत्र्याला लागलेलीच नव्हती. मागच्या वर्षी मोटर बदलली तेव्हाचं काम असावं. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत.

---

शॉर्टसर्किट | १५ जून, संध्याकाळी ६:३१

कूलर बंद ठेवा. इलेक्ट्रिशिअनला बोलवा, उद्या नाही, आजच.

---

हिंगण्याचा_फिटर | १५ जून, संध्याकाळी ७:१०

पोरी, तुझं काही चुकत नाही. १२.७ म्हणजे अर्धा इंच. आपण मिलिमीटरवर कधीचे आलो, पण मोटरचे शाफ्ट, नळाचे आटे अजून इंचातच चालून राहिले. वरचे दोन शतांश घासून गेले असतील. १३ लिहून मोकळी झाली नाही, ते बरं केलं.

४.६ चा अर्थ सांगतो. पहिला आकडा गुणिले १००, म्हणजे ४०० मेगापास्कलले तुटते. दुसरा आकडा म्हणजे त्याचे सहा दशांश, २४० ले कायमचं ताणल्या जाते. ८.८ असता तर ८०० आणि ६४०. आठ मिलिमीटरचा ८.८ बोल्ट सरळ ओढला तर तीन टनाच्या आसपास धरते, तुझा त्याच्या अर्धा. कूलरच्या स्टँडले अर्धा पण लई झाला.

---

मानेवाडेकर | १५ जून, रात्री ९:४५

(पुन्हा लेक) इलेक्ट्रिशिअन काका येऊन गेले, अर्थ लावला, आरसीसीबी उद्या बसवणार आहेत. मी उभी राहून पाहिलं.

एक अडचण राहिली. स्टँडच्या अँगलमधे जिथे तो बोल्ट होता तिथले आटे गेलेत, नवा बोल्ट नुसता गोल फिरतो. भोक मोठं करून १० चे आटे पाडू का? शेजारच्या दादाकडे आटे पाडायचा टॅप आहे. १० ला ८.५ चं ड्रिल लागतं असं वाचलं.

---

हिंगण्याचा_फिटर | १५ जून, रात्री १०:०२

८.५ बरोबर. पण अँगलची जाडी किती आहे ते मापलं का?

---

मानेवाडेकर | १५ जून, रात्री १०:१०

३ मिलिमीटर.

---

हिंगण्याचा_फिटर | १५ जून, रात्री १०:१६

१० च्या बोल्टाचा आटा दीड मिलिमीटरचा. तीनमधे किती बसले?

---

मानेवाडेकर | १५ जून, रात्री १०:१७

दोनच. मग नाही पाडत. आरपार बोल्ट घालून मागून नट लावते, वॉशरसकट.